दोन ठोके म्हणजे थांब

आमच्या सोनाळ्यात कोणाचं टिन गळायले लागलं की लोक चांगुणाबाईले निरोप धाडतात. निरोप एकटीले दिला तरी येतात दोघं. पुढं चांगुणाबाई, डोक्यावर आडवी निसनी. मागं तिचा नवरा माणिकराव, एका हातात काठी, दुसऱ्यात बांबू, डावा पाय फरफटत. निसनी म्हणजे शिडी. पुण्याकडच्या माणसाले हे सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तो बिचारा बाईच्या डोक्यावर भलतंच काही ठेवून मोकळा व्हायचा.

दोघांची कामाची रीत ठरलेली. सूर्य डोक्यावर आला की घरातली माणसं, कोंबड्या, सगळं बाहेर काढायचं. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. फटीत फडके कोंबायचे. मग माणिकराव आत अंधारात एकटा बसतो आणि वर पाहतो. टिनातली भोकं अशी दिसतात की काळ्या तव्यावर कोणी ज्वारीचे दाणे फेकले. ज्या भोकाचं काम करायचं तिथं तो खालून बांबू टेकवतो. चांगुणाबाई वरून त्या जागी येते, गंज खरवडते, सैल झालेला स्क्रू काढून नवीन वायसर घालून आवळते, भोक मोठं असलं तर डांबराची पट्टी चिकटवते. झालं. पुढचं भोक.

वर चालायचाही कायदा होता. स्क्रूच्या रांगेखाली लोखंडाची आडवी पट्टी असते, तिच्यावर पाय पडला तर भेव नाही. पण रांग सोडून मधात जायचं असलं तर चांगुणाबाई पुढच्या पत्र्यावर हातोडीनं एक ठोका मारायची. खालून माणिकराव त्या ठोक्याचा आवाज ऐकायचा आणि बांबूनं उत्तर द्यायचा. एक ठोका म्हणजे ये. दोन ठोके म्हणजे थांब. बंद घरात टिन घुमते. सडलेलं टिन कमी घुमते. अन् प्लास्टिकचा पत्रा घुमतच नाही, लाकडावर मूठ मारल्यासारखा ठप वाजून मरतो. वरच्या माणसाच्या कानात वारा, डोक्याले घट्ट बांधलेला दुपट्टा; त्याले यातला फरक लागत नाही. म्हणून कान खाली.

हा कायदा माणिकराव स्वतःचं हाड मोडून शिकला होता. नऊ वर्षांमागं खामगावच्या एका तेलाच्या गोदामावर तो एकटाच चढला. जुन्या गोदामांत उजेड यावा म्हणून मधामधात प्लास्टिकचे पत्रे घालत. वर्षानुवर्षं धूळ बसली की वरून टिन कोणतं अन् प्लास्टिक कोणतं, देवालेही सांगता येत नाही. माणिकरावानं टिन समजून पाय ठेवला आणि पत्र्यासकट खाली आला. खुबा मोडला. आठ महिने खाटेवर. त्या आठ महिन्यांत चांगुणाबाई निसनी चढली. तोवर ती खाली उभी राहून हातोडी-पाना वर द्यायची, तेवढंच.

"अवं चांगुणे, बाईमाणसानं टिनावर चढावं का?" शेजारची जनकाबाई म्हणाली होती.

"मंग तुह्या नवऱ्याले चढव. चढते म्हणते का पाह्य."

जनकाबाईचा नवरा पायलीभर ज्वारी घेऊन ओटा चढतानाही थरथरायचा. विषय तिथंच संपला.

आता खरी गोष्ट. दिवाळीपासून माणिकरावाचे कान जात होते.

आधी उजवा गेला. मोबाईल वाजायचा आणि बाकीचे त्याच्याकडं पाहायचे. मग डावाही मऊ पडला. बकरी दारात ओरडते ते तोंड उघडलेलं दिसायचं, आवाज दुसऱ्या गल्लीतून यायचा. एक दिवस चांगुणाबाई दळण घेऊन गेली होती, तेव्हा त्यानं घरामागं ठेवलेला जुना पत्रा भिंतीले टेकवला, हातोडीनं ठोकून पाहिला. मग मागल्या शेडमधल्या जुन्या प्लास्टिकच्या तुकड्यावर ठोकला. दोन्हीचा आवाज सारखाच. गोधडीखालून कोणी चुटकी वाजवावी तसा.

त्यानं हातोडी जागेवर ठेवली आणि कोणाले काही बोलला नाही.

काऊन नाही बोलला, ते मी सांगतो. पाय गेला तेव्हा लोकांनी त्याले मोजणं सोडलं होतं. बायको कमावते, बुढा बसून खाते, असं चावडीवर तोंडावर म्हणायचे. मग हे कानाचं काम निघालं आणि पुन्हा लोक म्हणायले लागले, माणिकराव खाली असला तरच चांगुणा वर जाते. हे वाक्य त्यानं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं आणि ते त्याले भाकरीपेक्षा जास्त पुरायचं. कान गेले म्हटल्यावर काय राहिलं? काठी अन् बांबू. ते तर खुंटीलेही टांगता येतात.

म्हणून तो डोळ्यांनी ऐकायले लागला. वर पाय पडला की पत्र्याची खालून धूळ झडते. चांगुणाबाई भोकावर वाकली की ते भोक विझते, सरकली की पुन्हा पेटते. एवढ्यावरून ती कुठी हाय ते त्याले कळायचं. ती थांबली म्हणजे ठोकत असेल, असं धरून तो एक ठोका द्यायचा. ये. घरांची टिनं त्याले पाठ होती, त्यात प्लास्टिक नव्हतं, म्हणून निभलं. विहाराचं टिन झालं. शाळेच्या व्हरांड्याचं झालं. जनकाबाईच्या सैपाकाच्या रांधणीवर मात्र घोटाळा झाला. चांगुणाबाई नुसती घाम पुसायले थांबली होती, अन् खालून ठोका आला.

"म्या ठोकलंच नाही अजून, अन् तुमी ये म्हणता?" तिनं भोकातून विचारलं. तेव्हा तिचं तोंड अगदी जवळ होतं, म्हणून त्याले ऐकू गेलं.

"तुही चाल वळखतो म्या," त्यानं ठोकून दिलं.

खाली जनकाबाई बंद दाराबाहेरून हासली, "बुढ्याले तुह्या मनातलं ऐकू येते वो!"

चांगुणाबाईही हासली. पण उतरल्यावर तिनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. तो बांबूचं टोक साफ करत राहिला.

मे संपत आला तेव्हा फोन आला. रस्त्याच्या कडेले जे कापसाचं जिनिंग हाय, तिथला सुपरवायझर शेखर. माणिकरावानं फोन कानाले लावला, हो-हो केलं, मग "अथी रेंज नाही" म्हणून चांगुणाबाईच्या हातात दिला. ती अंगणात जाऊन बोलली आणि काम धरून आली.

"सरकीचं गोदाम गळते म्हणे. पावसाच्या आधी झालं पाह्यजे. उद्या जातो."

सरकी म्हणजे कपाशीचं बी. भिजली की तापते, सडते. माणिकरावाच्या हातातला घास तिथंच थांबला. जिनिंगचं गोदाम. जुनं. उंच.

"नको घेऊ ते काम."

"काऊन?"

"उंच हाय."

"उंचीचं तुमाले काय? तुमी त खालीच राह्यता."

लागलं त्याले. पण खरं बोलायले हीच जागा होती, आणि त्यानं ती जाऊ दिली. पाणी प्याला. उठला. रात्रभर कूस बदलत राहिला म्हणावं तर खुब्यामुळं कूसही बदलता येत नव्हती. आढ्याकडं पाहत पडला.

दुसऱ्या दिवशी अकराले ते जिनिंगवर पोचले. हंगाम संपलेला, यंत्र बंद, आवारात कुत्रे झोपलेले. गोदाम लांबलचक, मधात छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, खाली एका कोपऱ्यात सरकीची पोती ताडपत्रीखाली. बाकी जमीन मोकळी, सिमेंटची, कडक. माणिकरावानं आधी जमिनीकडंच पाहिलं.

मग शेखरले विचारलं, "याच्यात प्लास्टिकचे पत्रे हायत का? उजेडाचे?"

शेखर काहीतरी बोलला. माणिकराव त्याच्या ओठांकडं पाहत होता. "काय म्हणतं?"

"नाहीत म्हणतो दादा! सगळं टिन हाय. म्या दोन वर्सापासून अथीच हाव."

"दोन वर्साच्या आंधी?"

"आंधीचं मले काय ठाऊक? माह्या डोळ्यांदेखत मागल्या उन्हाळ्यात चंदेरी रंग मारला यंत्रानं. गरमी कमी होते म्हणून. एका दिवसात सगळं छत फवारलं."

"वर चढून?"

"नाही, निसनीवरून. लांब नळी होती. तुमाले छत दुरुस्त करायचं हाय का लगन जमवायचं? इतक्या चौकशा!"

चांगुणाबाई हासली, दुपट्टा डोक्याले गुंडाळला, कमरेले दोर बांधला आणि निसनीवर पाय ठेवला. दोराचं दुसरं टोक भिंतीवरच्या कड्यात अडकवायचं असते, पण ते कडं टोकाले होतं आणि दोर अर्ध्या छतापर्यंतही पुरणारा नव्हता. त्यापुढं सोडूनच जावं लागणार, हे दोघांलेही ठाऊक होतं.

दारं लावली. शेखर आतच राहिला, पाहायचं होतं त्याले. अंधार झाला. वर भोकं दिसली, एकवीस-बावीस. बाकी सगळं काळं. उजेडाचा एकही पट्टा नाही. प्लास्टिकचा पत्रा असता तर पिवळट दिसला असता. दुसऱ्या कोणाले बरं वाटलं असतं. माणिकरावाले ते खरं वाटलं नाही. ज्या काळात हे गोदाम बांधलं त्या काळात दिवसातले आठ तास लाईन जायची. उजेडाचे पत्रे न घालता कोणी गोदाम बांधत नव्हतं. आणि रंग फवारणाऱ्याले काय, टिन असो की प्लास्टिक, त्याची नळी दोन्हीवर सारखीच चालते.

वर धूळ झडली. चांगुणाबाई चालायले लागली होती. पहिलं भोक स्क्रूच्या रांगेतच होतं. त्यानं बांबू टेकवला. भोक विझलं, बऱ्याच वेळानं पेटलं, मग डांबरानं कायमचं विझलं. दुसरंही तसंच. तिसरंही. चौथं भोक मात्र रांग सोडून मधात, दोराच्या पल्याड. त्यानं बांबू तिकडं टेकवला आणि हात खाली घेतला.

धूळ झडायची थांबली. ती उभी होती. म्हणजे तिनं ठोका मारला असेल.

शेखर बाजूले शांत उभा होता. माणिकरावानं त्याच्या दंडाले धरलं आणि डावा कान त्याच्या तोंडाजवळ नेला. "ठोका वाजला का?"

"वाजला न."

"कसा वाजला?"

"कसा म्हणजे? वाजल्यासारखा."

एक ठोका द्यायचा, बस्स. बांबू उचलायचा अन् टेकवायचा. दिवाळीपासून त्यानं किती वेळा तो दिला असेल, गणती नव्हती. हात वर गेला. डोळ्यांसमोर ते खामगावचं छत आलं नाही, पडतानाचा वाराही आला नाही. डोळ्यांसमोर ही खालची सिमेंटची जमीन आली, झाडलेली, स्वच्छ.

त्यानं दोन ठोके दिले.

वर हालचाल नाही. मग गंजाचे कण पडले. तिनं जोरात ठोकलं असणार. त्यानं पुन्हा दोन दिले. पुन्हा कण पडले. पुन्हा दोन. मग तिच्या पायाजवळचं एक बारकं भोक विझलं, पेटलं, विझलं. ती भोकाले तोंड लावून बोलत होती.

"दादा," शेखर म्हणाला, "बाई विचारून राह्यली, काय हाय पुढं म्हणून."

माणिकरावाले त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण विचारलं काय असेल ते कळलं.

"मले ऐकू येत नाही!" तो ओरडला.

बहिरं माणूस ओरडते तेव्हा स्वतःचाच आवाज त्याले कमी वाटते, म्हणून आणखी जोरात ओरडते. "महामायाचे माय! मले ठोका ऐकू येत नाही! मांगं फिर! आली त्याच स्क्रूवरून मांगं फिर! मधात पाय टाकू नको!"

महामाया त्यांची लेक, लोणारले दिलेली. कैच्यांवरची कबुतरं फडफडत उडाली. बाहेर कुत्री भुंकायले लागली. शेखरनं कानावर हात ठेवले.

वर सगळं थांबलं. मग धूळ झडली, मागच्या बाजूले. एक भोक विझलं, पेटलं. त्याच्या मागचं विझलं. रंगानं ते पत्रे गुळगुळीत झाले होते, आणि तिच्या पायात रबरी चप्पल होती की तिनं काढून ठेवली होती, हे त्याले आठवेना. तो एकेका भोकाबरोबर खाली सरकत गेला, लंगडत, बांबू छातीशी धरून. पडली तर आपण काय करणार होतो, हेही त्याले ठाऊक नव्हतं. अंगावर घेतली असती तर दोघंही मेले असते. तरी तो तिच्या खालीच चालला.

दार उघडलं. उजेडात चांगुणाबाई उभी. तोंड घामानं अन् चंदेरी भुकटीनं माखलेलं. तिनं जवळ येऊन त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

तिनं बोटं मोजायले सुरुवात केली. "विहार. शाळा. पाटलाचा गोठा. जनकाबाई. तिच्या दिराचं. बापूच्या दुकानाचं..." दोन्ही हात संपले तशी थांबली. "इतक्या टिनांवर म्या कोणाच्या भरवशावर चालली मंग?"

"धुळीच्या," तो म्हणाला.

"धुळीच्या! चुलीत घाला ती धूळ! बाप्पा, माणूस हाय का कोण हाय! म्या मेली असती त?"

"म्हणून त थांबवलं."

"आज थांबवलं. अन् जनकाबाईच्या टिनावर? 'तुही चाल वळखतो म्या' म्हणे! लाज नाही वाटली?"

माणिकरावानं खाली पाहिलं. "कान गेले म्हटलं असतं त तू एकटी गेली असती कामाले. मी कशाले लागतो मंग?"

चांगुणाबाईनं शेखरकडून पाण्याची बाटली घेतली, अर्धी प्याली, अर्धी डोक्यावर ओतली.

शेखर मधात बोलला, "बाई, तुमचं घरचं नंतर मिटवा. काम व्हते का नाही ते सांगा. नाहीतर दुसरा माणूस पाह्यतो."

"दुसरा माणूस आला अन् खाली पडला त त्याची माय तुले विचारीन," चांगुणाबाई म्हणाली. "आंधी हे प्लास्टिक हाय का नाही ते पाहू दे. एखादा लांब बांबू हाय का अथी?"

आवारात एक बांबू मिळाला. तो माणिकरावाच्या बांबूले काथ्यानं बांधला. इतकी लांब काठी झाली की छताच्या उंच भागालेही खालून जोर लावता येईल. चांगुणाबाईनं ती नवऱ्याच्या हातात दिली.

"ठोकू नका. ढोसा. वर ढकला. कानानं नाही कळत त हातानं पाह्य कळते का."

ती जिथून मागं फिरली होती तिथं त्यानं टोक लावलं, ढकललं. कडक. टिन. हात परत आला. त्याच्या पुढचा पत्रा. कडक. तोही टिनच. शेखर म्हणायच्याच बेतात होता, "म्या सांगतलं होतं न." माणिकरावानं पुढच्या पत्र्याले टोक लावलं आणि ढकललं.

पत्रा वर उचलला गेला. ताणलेल्या कातड्यासारखा. काठी हातात लवलवली, आणि मग वर काहीतरी तडकलं, चंदेरी रंगाचे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडले, आणि छतात एक वाकडीतिकडी पिवळी भेग उघडली. तिच्यातून ऊन सरळ खाली आलं, सिमेंटच्या जमिनीवर.

तिघंही त्या उजेडाकडं पाहत राहिले.

"दोन पत्र्यांपुढं," चांगुणाबाई हळूच म्हणाली.

शेखरचं तोंड उतरलं. "बुधवारी म्या याच छतावर पाण्याची टाकी बसवणाऱ्या पोरांले चढवणार होतो," तो म्हणाला. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि बाहेर जाऊन कोणालेतरी नको म्हणून सांगायले लागला.

मग उलटा कायदा ठरला. पहिले चांगुणाबाई ठोकायची आणि माणिकराव उत्तर द्यायचा. आता आधी तो. त्यानं खालून पत्रा ढोसायचा, हाताले कडक लागला तर एक ठोका द्यायचा, तेव्हाच तिनं पाय टाकायचा. लवला तर दोन, आणि तिनं वरून त्या पत्र्याच्या कडेले लाल चिंधी दाबून ठेवायची. ठोका आला नाही तर तिनं हलायचं नाही, मग दिवस मावळला तरी.

"अन् उद्या खामगावले कान दाखवायचे," ती निसनीवर पाय ठेवता ठेवता म्हणाली. तो तिच्या ओठांकडं पाहत होता, म्हणून त्याले कळलं. "डाक्टरनं सांगतलं की मशीन लावा, त लावायची. सांगतलं की काही व्हत नाही, तरी मले सांगायचं. जे सांगतलं ते. समजलं का?"

"हाव."

"मोठ्यानं म्हणा."

"हाव म्हणतो न!"

दारं पुन्हा लागली. एका दिवसाचं काम तीन दिवसांचं झालं. दोन बांबूंची काठी जड, खुब्यातून कळ निघायची, एकेक पत्रा ढोसायले त्याले वेळ लागायचा. पहिल्या दुपारी चांगुणाबाई तीन पत्रे चालली. वर उन्हात उभी राहून ती काय काय बोलली असेल, ते कबुतरांलेच ठाऊक. माणिकरावाले एवढंच दिसायचं की तिच्या पायाजवळचं भोक विझलेलं हाय, म्हणजे ती तिथंच हाय.

त्यानं काठी पुढं सरकवली, ढकलली. कडक लागलं. पण एकदा कडक लागलं म्हणून त्यानं ठोका दिला नाही. पत्र्याच्या वरच्या टोकाले ढकलून पाहिलं, खालच्या टोकाले ढकलून पाहिलं, मधात ढकलून पाहिलं. हात थरथरत होते म्हणून काठीही थरथरत होती, आणि कोणतं थरथरणं आपलं अन् कोणतं पत्र्याचं, हे कळावं म्हणून तो श्वास धरून थांबला. मग पुन्हा एकदा मधात.

कडक.

त्यानं एक ठोका दिला, आणि धूळ झडायची वाट पाहत वर बघत राहिला.